संत कॅथरिन : कागद नाही, वहिवाट आहे

मे २०२५ मध्ये इजिप्तमधील एका अपील न्यायालयाने सिनाई द्वीपकल्पातील एका प्राचीन ख्रिस्ती मठाबद्दल निकाल दिला आणि ग्रीस सरकारपासून निरनिराळ्या देशांतील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजापर्यंत अनेकजण अस्वस्थ झाले. निकालाचा गाभा आपल्याकडच्या कोणत्याही तलाठ्याला चटकन समजेल असा होता. जमीन सरकारची आहे, भिक्षूंना तेथे राहण्याचा आणि ती वापरण्याचा हक्क आहे. म्हणजे मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची.

बातम्यांमध्ये या मठाचे नाव सतत येत राहिले : सेंट कॅथरिनचा मठ. ही कॅथरिन कोण, असा प्रश्न वाचकाला पडणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर मठाच्या जमिनीइतकेच गुंतागुंतीचे आहे. जिच्या नावाने इजिप्तमधील सर्वांत उंच शिखर ओळखले जाते, जिच्या नावाचे महाविद्यालय केंब्रिजमध्ये १४७३ पासून चालू आहे, जुन्या गोव्यातील से कॅथेड्रल जिला अर्पण केलेले आहे, त्या अलेक्झांड्रियाच्या कॅथरिनविषयी तिच्या काळात लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. खुद्द कॅथलिक ख्रिस्तसभेने १९६९ मध्ये तिचा दिवस आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला आणि २००२ मध्ये तो परत घातला. ती होती की नव्हती, आणि ती नसेल तर एवढी शतके लोक कोणाला नमस्कार करत होते, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. सगळा गोंधळ ते एकच समजल्यामुळे होतो.

रक्तसाक्षी म्हणजे कोण?

ग्रीक भाषेत ‘मार्तिस’ या शब्दाचा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे. न्यायालयात उभा राहून ‘मी हे पाहिले’ असे सांगणारा साधा साक्षीदार. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती श्रद्धा न सोडल्याबद्दल ज्यांना प्राण गमवावे लागले, त्यांना हा शब्द लागू झाला, कारण त्यांनी आपल्या श्रद्धेची साक्ष जीव देऊन दिली असे मानले गेले. मराठी ख्रिस्ती समाजात यासाठी ‘रक्तसाक्षी’ हा शब्द रूढ आहे आणि तो ‘हुतात्मा’पेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो, म्हणून येथे तोच वापरला आहे.

छळ काल्पनिक नव्हता. इ. स. २५० मध्ये सम्राट डेशियसने सर्व प्रजेला देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला आणि तसे केल्याचा दाखला घेण्याची सक्ती केली. असे पपायरसवरचे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, गाव, कधी वय आणि अंगावरची ओळखीची खूण, ‘मी तुमच्यासमोर बळी अर्पण केला आहे’ हे निवेदन, आणि खाली अधिकाऱ्याची सही. छळालासुद्धा कागदपत्रांची गरज लागते हे त्यांवरून दिसते. पुढे ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने सुरू केलेला छळ सर्वांत मोठा होता आणि इजिप्तने तो फार सोसला. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक आजही आपली वर्षे डायोक्लेशियनच्या राज्यारोहणाच्या सालापासून, म्हणजे २८४ पासून मोजतात आणि त्या शकाला रक्तसाक्षींचा शक म्हणतात. कॅथरिनची कथा याच काळात घडते.

कथा काय सांगते?

कथेनुसार अलेक्झांड्रियात कोस्टस नावाच्या राजाची अठरा वर्षांची कन्या राहत होती. ती रूपवान, श्रीमंत आणि सर्व शास्त्रांत पारंगत होती. सम्राट मॅक्सेंशियस नगरात आला आणि त्याने सर्वांना देवतांपुढे बळी देण्याची आज्ञा केली, तेव्हा ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वाद घालू लागली. सम्राटाला उत्तर सुचेना, म्हणून त्याने पन्नास पंडित बोलावले. एका मुलीसाठी पन्नास पंडित कशाला, असे त्यांनाच वाटले. वादाच्या शेवटी ते निरुत्तर तर झालेच, शिवाय तिच्या बाजूला गेले, आणि सम्राटाने त्यांना जाळून मारले. तुरुंगात तिला भेटायला गेलेली सम्राज्ञी आणि सेनानी पोर्फिरियस आपल्या दोनशे सैनिकांसह ख्रिस्ती झाले. त्यांचीही हत्या झाली.

मग येते ते प्रसिद्ध चाक. चार चाके, त्यांच्या कडांना लोखंडी खिळे व करवती. दोन एका दिशेने फिरणार, दोन उलट्या दिशेने, आणि मध्ये कॅथरिन. पण देवदूताने ते यंत्रच फोडून टाकले आणि उडालेल्या तुकड्यांनी बघ्यांचेच प्राण घेतले. अखेर तलवारीने तिचा शिरच्छेद झाला, जखमेतून रक्ताऐवजी दूध वाहिले आणि देवदूतांनी तिचा देह उचलून सिनाई पर्वतावर नेऊन ठेवला.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या कथेत तिचे मुख्य शस्त्र युक्तिवाद आहे. चमत्कार येतो तो बराच नंतर. मध्ययुगीन तत्त्वज्ञांनी, वकिलांनी आणि विद्यार्थ्यांनी तिला आपली आश्रयदाती मानले ते यामुळेच.

सांधे कोठे उसवतात?

मॅक्सेंशियस हा सम्राट खरा, पण त्याची सत्ता इटली आणि इजिप्तच्या पश्चिमेकडील आफ्रिकेवर होती. अलेक्झांड्रिया त्याच्या ताब्यात कधीच नव्हते. तेथे सत्ता होती ती मॅक्सिमिनस दाया याची. नावांतील साम्यामुळे कोणीतरी घोटाळा केला असावा, आणि जो माणूस सम्राटाच्या नावातच चुकतो तो घटनेच्या जवळपासचा नसतो. अलेक्झांड्रियात राजा असण्याचाही प्रश्न नव्हता, कारण इजिप्त हा तीन शतकांपूर्वीच रोमन प्रांत झाला होता आणि तेथे सम्राटाने नेमलेला प्रशासक बसत असे.

त्याहून मोठी अडचण मौनाची आहे. युसेबियस हा त्या काळात जगलेला, इजिप्तमधील छळाची स्वतः माहिती घेतलेला इतिहासकार. राजकन्या, पन्नास पंडित, सम्राज्ञीचा वध असे काही घडले असते, तर त्याने ते सोडले नसते. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री सिनाई चढून गेली. बायबलनुसार देवाने मोशेला ज्या जळत्या झुडपातून दर्शन दिले त्याची जागा, तेथील साधू, चर्च यांचे तिने बारकाईने वर्णन केले आहे. कॅथरिनचा उल्लेख नाही. तिच्याविषयीचे जे जुन्यातले जुने लिखाण आणि चित्रे मिळतात, ती कथेतील काळानंतर काही शतकांनी तयार झालेली आहेत.

तुलनेसाठी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगराची परपेतुआ घ्यावी. २०३ मध्ये मारल्या गेलेल्या या बावीस वर्षांच्या तरुण आईने तुरुंगात लिहिलेली रोजनिशी आपल्याकडे आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची काळजी, म्हाताऱ्या वडिलांनी पायावर डोके ठेवून केलेली विनवणी, कोठडीतला काळोख, हे सर्व तिच्याच शब्दांत आहे. जमिनीच्या भाषेत सांगायचे, तर परपेतुआचा सातबारा हातात आहे. कॅथरिनच्या जमिनीवर फक्त पिढ्यान्‌पिढ्या केलेली शेती दिसते.

मग ही निव्वळ थाप म्हणायची का?

येथे घाई करू नये. रक्तसाक्षींच्या कथा कशासाठी लिहिल्या जात होत्या हे पाहिले, तर ‘थाप’ हा शब्द चुकीचा ठरतो. संताच्या दिवशी उपासनेच्या वेळी त्या मोठ्याने वाचल्या जात. आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा दोन ओळींच्या प्रसंगात संवाद घालतो, खलनायक रंगवतो, श्रोत्यांना रडवतो आणि हसवतो. समोरचा श्रोता त्याच्याकडे जन्मदाखला मागत नाही. कॅथरिन आणि तिच्यासारख्याच रक्तसाक्षी मानल्या गेलेल्या बार्बरा, मार्गारेट यांच्या कथा शेजारी ठेवल्या तर आख्यानाचा ठरीव साचा उघडच दिसतो : रूपवती कन्या, लग्नाला नकार, संतापलेला सत्ताधीश, एकामागून एक फसणारे छळ, आणि शेवटी तलवार.

पण साच्यात ओतलेला धातू कोठून आला हा प्रश्न उरतोच. युसेबियसने अलेक्झांड्रियातील एका उच्चकुलीन, धनाढ्य आणि विद्वान ख्रिस्ती स्त्रीचा उल्लेख केला आहे, जिने मॅक्सिमिनसच्या वासनेला नकार दिला. त्याने तिला मारले नाही. मालमत्ता जप्त करून हद्दपार केले. युसेबियस तिचे नाव देत नाही आणि त्याचा लॅटिन भाषांतरकार रुफिनस तिला डोरोथिया म्हणतो. कॅथरिनच्या कथेचे बीज येथे असावे असा एक तर्क आहे.

दुसरा तर्क अधिक अस्वस्थ करणारा आहे. अलेक्झांड्रियात एक विदुषी खरोखरच होऊन गेली, जिच्यापुढे पुरुष शिष्य म्हणून बसत आणि जिची धर्माच्या व सत्तेच्या भांडणात हत्या झाली. तिचे नाव हायपेशिया. ती गणितज्ञ व तत्त्वज्ञ होती, ख्रिस्ती नव्हती, आणि ४१५ मध्ये तिला भर नगरात ठार मारणारा जमाव ख्रिस्ती होता. काही अभ्यासकांच्या मते कॅथरिन म्हणजे हायपेशियाचीच उलटी पडलेली सावली आहे : विदुषी तीच, नगर तेच, फक्त मारणारे आणि मरणारी यांचे धर्म अदलाबदल झालेले. हा तर्क सिद्ध झालेला नाही आणि तो सिद्ध होण्यासारखे साधनही हाती नाही. पण एखादे नगर आपल्या अपराधाची आठवण कथेतून फिरवून सांगते, ही गोष्ट मला तरी अशक्य वाटत नाही.

सिनाईवर देह कसा पोहोचला?

सिनाईचा मठ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधला. मोशेला जळते झुडूप जेथे दिसले असे मानतात त्या जागी, दगडी तटबंदीच्या आत. तेव्हा त्याचा कॅथरिनशी काहीही संबंध नव्हता. तेथील चर्च येशूची माता मरिया हिच्या नावाने होते. पुढे, साधारण नवव्या शतकाच्या आसपास, जवळच्या शिखरावर भिक्षूंना एका स्त्रीचा देह सापडला आणि तो कॅथरिनचा आहे असे ओळखले गेले, अशी मठाची परंपरा सांगते. त्या शिखराला आज जबल कतरिना म्हणतात आणि त्याची उंची २६०० मीटरहून अधिक आहे. देवदूतांनी देह नेला या वाक्याचा एक साधा उलगडाही केला जातो. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत भिक्षूच्या वस्त्राला ‘देवदूतांचा वेश’ म्हणतात, तेव्हा ‘देवदूत’ म्हणजे मुळात भिक्षूच असतील.

आज मठातील चर्चमध्ये तिचे म्हणून मानलेले मस्तक आणि डावा हात जपून ठेवले आहेत, आणि यात्रेकरूंना तिचे नाव कोरलेली छोटी अंगठी देण्याची प्रथा आहे. अंगठीमागे आणखी एक कथा आहे : बालयेशूने स्वप्नात तिच्या बोटात अंगठी घातली आणि म्हणून तिने कोणाही मर्त्य वराला होकार दिला नाही. युरोपातील चित्रकारांना हा प्रसंग फारच प्रिय होता.

त्या तटबंदीच्या आत फातिमी काळातील एक मशीदही आहे, आणि मठाला संरक्षण देणारा, प्रेषित महंमदांच्या हाताचा ठसा असलेला म्हणून मानला जाणारा लेख भिक्षूंनी शतकानुशतके सांभाळला आहे. त्या लेखाच्या अस्सलपणाबद्दलही इतिहासकारांत वाद आहेत. पण त्याचा मान राखून अनेक मुसलमान राज्यकर्त्यांनी मठाला धक्का लावला नाही, हे खरेच. पुन्हा तेच : कागदाबद्दल शंका, वहिवाट पक्की.

चाक युरोपभर कसे फिरले?

अकराव्या शतकात तिच्या हाडांचे अंश फ्रान्समधील रूआं येथे पोहोचले आणि पश्चिमेत तिची भक्ती झपाट्याने वाढली. चाक ही तिची खूण झाल्यामुळे चाकावर पोट असलेल्या सर्वांनी तिला आपले मानले : रथकार, कुंभार, गिरणीवाले, सूत कातणाऱ्या स्त्रिया. अविवाहित मुलींची तर ती हक्काची संत. फ्रान्समध्ये पंचविशीपर्यंत लग्न न झालेल्या मुली २५ नोव्हेंबरला, म्हणजे तिच्या दिवशी, हिरव्या-पिवळ्या टोप्या घालत, आणि ही गंमत काही ठिकाणी अजून चालते. इंग्लंडमध्ये खांबाला ठोकून फिरवायच्या शोभेच्या दारूला ‘कॅथरिन व्हील’ म्हणतात. आपल्या भुईचक्राचा हा खांबावर चढलेला भाऊ.

आणि जोन ऑफ आर्क, इंग्रजांविरुद्ध फ्रेंच सैन्यासोबत लढलेली मुलगी. १४३१ मधील खटल्यात तिने न्यायाधीशांना सांगितले की आपल्याला मार्गदर्शन करणारे आवाज संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांचे होते. विद्वान पुरुषांच्या मंडळापुढे एकटी उभी असलेली, न शिकलेली खेड्यातली मुलगी कोणाचे नाव घेते, हे पाहिले की जिच्या अस्तित्वाचा पुरावा नाही अशी व्यक्तीही इतिहासात काम करू शकते हे कळते. ज्यांना शंका आहे त्यांनी फ्रान्सच्या राजाच्या राज्याभिषेकाचा विचार करावा. तो घडवून आणणारी मुलगी या आवाजांच्या भरवशावर निघाली होती.

हाडांना वंदन ही पूजाच नव्हे काय?

हा आक्षेप ख्रिस्ती धर्मातच फार जुना आहे आणि सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट सुधारकांनी तो जोरात मांडला. त्याला उत्तर देताना ७८७ मधील निकायाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेचा आधार घेतला जातो. आराधना फक्त देवाची. प्रतिमा, अवशेष आणि संत यांना वंदन, म्हणजे आदर. संताकडे मागायची ती मध्यस्थी : ‘माझ्यासाठी देवाकडे प्रार्थना कर’. घरात आजोबांच्या तसबिरीला हार घालणारा माणूस तसबिरीला देव मानत नाही, तसेच काहीसे. व्यवहारात ही रेषा पुसट होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. नवस बोलणाऱ्याला आराधना आणि वंदन यांतला फरक विचारला तर तो सांगू शकेलच असे नाही, आणि हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरते खरे नाही.

१९६९ मध्ये नेमके काय झाले?

सुरुवातीच्या शतकांत संतपद देणारी कोणतीही कचेरी नव्हती. लोक एखाद्या थडग्याशी जमत, तेथील बिशप संमती देई, आणि दरवर्षी दिवस पाळला जाई. पोपकडून रीतसर संतपद जाहीर झाल्याचे पहिले नोंदलेले उदाहरण ९९३ मधले आहे. त्यामुळे कॅथरिनची कधी चौकशी झाली नाही आणि तिला ‘संत घोषित’ करणारा हुकूमही नाही.

जुन्या कथा तपासण्याचे काम आश्चर्य वाटेल अशा लोकांनी सुरू केले : जेझुइट धर्मगुरूंनी. बोलांदिस्त म्हणून ओळखला जाणारा त्यांचा गट सतराव्या शतकापासून हस्तलिखिते ताडून इतिहास कोणता आणि आख्यान कोणते हे वेगळे करत आला आहे. त्या परंपरेच्या पार्श्वभूमीवर १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांच्या काळात सार्वत्रिक दिनदर्शिकेची छाटणी झाली, आणि जिच्याविषयी खात्रीने काहीच सांगता येत नाही अशी कॅथरिन, बार्बरा आणि मार्गारेट यांच्यासह वगळली गेली.

याचा अर्थ तिचे संतपद काढून घेतले असा नव्हता. ही दिनदर्शिका म्हणजे सर्व देशांतील सर्व चर्चनी पाळायच्या दिवसांची यादी. सरकारी सुट्ट्यांच्या यादीतून एखादा दिवस गेला म्हणून गावची जत्रा बंद होत नाही. जेथे ती आश्रयदाती होती तेथे तिचा सण चालूच राहिला, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चना तर या निर्णयाशी काही देणेघेणेच नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे सिनाईच्या मठात गेले आणि २००२ मध्ये तिचा दिवस ऐच्छिक म्हणून यादीत परत आला. नवा पुरावा सापडला म्हणून तो परत आला नाही. पुरावा १९६९ मध्ये होता तेवढाच होता.

गोव्याचा आणि मुंबईचा धागा

आफोन्सो द अल्बुकर्कने १५१० च्या पूर्वार्धात गोवा घेतले, आदिलशाही फौजेने ते परत मिळवले, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीजांनी ते पुन्हा जिंकले. तो दिवस संत कॅथरिनचा होता. तेवढ्या एका योगायोगावर ती गोव्याची झाली. जिंकल्यानंतर नगरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली, आणि अल्बुकर्कने त्या कत्तलीचे वर्णन स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवले. सम्राटाच्या तलवारीखाली मेलेल्या मुलीचे नाव दुसऱ्या एका राजाच्या तलवारीला चिकटले. कथेतील पन्नास पंडितांना यावर काय म्हणायचे असते कोण जाणे. तिचे चाक पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या राजचिन्हातही आले.

से कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. मुख्य वेदीच्या सोनेरी, कोरीव पटलांवर तिच्या आयुष्यातील प्रसंग आहेत. दर्शनी भागाच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. मुंबईचा धागा याहून बारीक आहे. पोर्तुगालची जी राजकन्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली आणि जिच्या विवाहाच्या १६६१ मधील करारात मुंबई आंदण म्हणून गेली, तिचा जन्म १६३८ मधला, २५ नोव्हेंबरचा, आणि तिचे नाव कॅथरिन.

से कॅथेड्रलपासून थोडे पश्चिमेला, असिसीच्या फ्रान्सिसच्या चर्चच्या मागे, जांभ्या दगडाचे एक लहानसे चॅपेल आहे. पर्यटकांची गर्दी सहसा तेथवर जात नाही. ते कॅथरिनचेच. त्याच्या भिंतीतील पोर्तुगीज शिलालेख सांगतो की याच जागी नगराचे दार होते, येथूनच गव्हर्नर अल्बुकर्क संत कॅथरिनच्या दिवशी १५१० साली आत शिरला, आणि त्या स्मरणार्थ गव्हर्नर जॉर्ज कॅब्रालने १५५० मध्ये ही वास्तू बांधवली. म्हणजे घटना १५१० ची आणि दगड चाळीस वर्षांनंतरचा.